विजेत्यांच्या यादीतली नावे

फ्रान्सच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेला शंभर वर्षे उलटून गेली. तिथला बुद्धिबळ महासंघ १९२१ मध्ये स्थापन झाला आणि १९२३ मध्ये पॅरिसला पहिली अधिकृत स्पर्धा भरली. जॉर्ज रनो नावाचे गृहस्थ जिंकले. पुढच्याच वर्षी, १९२४ च्या जुलैमध्ये, 'फिडे' ही जागतिक संघटनाही पॅरिसमध्येच जन्माला आली. तेव्हापासून त्या स्पर्धेच्या विजेत्यांची एक लांबलचक यादी तयार झाली आहे.

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसांना या यादीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारेल. झाले असे की शाळेच्या बुद्धिबळ मंडळासाठी आम्ही सामान्यज्ञानाचे प्रश्न काढत होतो. त्यात २०१३ च्या फ्रेंच विजेत्याचे नाव आले, हिशाम हमदूशी. आठवीतल्या एका मुलाने लगेच विचारले, "हे तर आपल्यातलं नाव वाटतं. मग हा फ्रान्सचा चॅम्पियन कसा?" उत्तर एका वाक्यात देता आले असते आणि आम्ही ते दिलेही. पण त्या प्रश्नामुळे आम्ही ती यादी नावे आणि जन्मगावे बघत पुन्हा वाचली. तशी वाचली की ती वेगळीच दिसते.

आधी थोडे खेळाच्या नावाबद्दल, कारण भाषा शिकवणाऱ्याला तो मोह आवरत नाही. आपला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन 'शतरंज' झाला आणि पुढे युरोपात पोचला. फ्रेंच लोक या खेळाला 'एशेक' म्हणतात, ते 'शाह'पासून आले. राजाला शह दिला की तोच शब्द वापरतात आणि डाव संपला की म्हणतात 'एशेक ए मात'. आपल्या दादाजानांनी ऐकले असते तर त्यांना दुभाष्या लागला नसता. आपण ज्याला उंट म्हणतो तो पूर्वी 'फील', म्हणजे हत्ती होता. अरबीतला 'अल्-फील' फ्रेंचांच्या तोंडी घासत घासत 'फू' झाला, आणि फ्रेंचमध्ये 'फू' म्हणजे वेडा, दरबारातला विदूषक. हत्तीचा विदूषक झाला आणि तिथे कोणाला त्याचे काही वाटत नाही. आपण ज्याला किल्लेकोट म्हणतो त्याच्या फ्रेंच शब्दात अजून 'रुख' दडलेला आहे. म्हणजे ज्या पटावर फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता ठरतो, त्या पटावरच्या शब्दांचे जन्मगाव बसरा-बगदादच्या वाटेवर कुठेतरी आहे.

(खेळावा की नाही, हा प्रश्न काही घरांत येतोच. जुगार असेल किंवा खेळापायी नमाज चुकत असेल, तर कोणत्याच मसलकात परवानगी नाही. त्यापलीकडे हनफी उलेमा बहुतेक करून नापसंतीच दाखवतात, शाफई मसलकात सवलत आहे. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई आहेत. मुलांच्या पालकांनी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो आणि पुढचे त्यांच्या इमामसाहेबांवर सोडतो.)

राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून पॅरिस हे या खेळाचे मोठे ठाणे होते. 'काफे द ला रेजांस' नावाच्या कॉफीगृहात लोक दिवसभर पट मांडून बसत. तिथला सर्वांत नामवंत फिलिडोर. हा मूळचा संगीतकार. १७४९ मध्ये त्याने बुद्धिबळावर पुस्तक लिहिले आणि ज्या प्याद्यांना कोणी विचारत नव्हते त्यांचे महत्त्व जगाला समजावले. डोळ्यांवर पट्टी बांधून तो एकाच वेळी दोन-तीन डाव खेळत असे. पण फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा तो लंडनला होता. परत यायला मिळाले नाही आणि १७९५ मध्ये तिथेच वारला. एवढा मोठा फ्रेंच खेळाडू आणि माती मिळाली परक्या शहराची.

त्याच्यानंतरचा मोठा खेळाडू ला बुर्दोने. त्याचा जन्म फ्रान्समध्ये नाही, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर झाला. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकात हे आडनाव येते. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा फ्रेंच सेनानी ला बुर्दोने हा त्याचा आजोबा. नातवाने १८३४ मध्ये लंडनला जाऊन आयर्लंडच्या मॅक्डॉनेलशी ८५ डाव खेळले, ४५ जिंकले, २७ हरले, १३ बरोबरीत सुटले. जगातले पहिले बुद्धिबळ मासिक काढण्याचा मानही त्याचाच. शेवट मात्र १८४० मध्ये लंडनमध्ये कफल्लक अवस्थेत झाला.

१९२३ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्रेपो, शेरों, जिबो ही नावे पुन्हा पुन्हा येतात. त्या डावांबद्दल सांगण्यासारखे आमच्याकडे फार नाही. एक गंमत मात्र आहे. १९२५ ची स्पर्धा नीस शहरात झाली, तिचे भित्तिपत्रक मार्सेल द्यूशां या चित्रकाराने केले. बाजारात मिळणारी तयार वस्तू कलाप्रदर्शनात पाठवून ज्याने कलेच्या जगात खळबळ उडवली, तोच हा. बुद्धिबळाचे त्याला असे वेड लागले की चित्रकला मागे पडली. तो राष्ट्रीय स्पर्धेत स्वतः खेळलाही, पण जिंकला कधीच नाही.

१९३४ चा विजेता व्हिक्टर कान, जन्म मॉस्कोचा. यादी इथून रंग बदलू लागते.

आणि मग १९४५. महायुद्ध संपले, फ्रान्स जर्मनांच्या तावडीतून सुटला आणि मोकळ्या झालेल्या देशात राष्ट्रीय विजेता ठरला सेझार बूतविल. वडील फ्रेंच, आई व्हिएतनामी. जन्म १९१७ चा, व्हिएतनाममधला; लहानपणीच त्याला फ्रान्सला आणले. ज्या वर्षी तो फ्रान्सचा विजेता झाला त्याच वर्षी २ सप्टेंबरला हनोईत हो चि मिन्ह यांनी फ्रान्सपासून स्वातंत्र्य जाहीर केले. पुढे आठ-नऊ वर्षे लढाई चालली. बूतविल १९५० मध्ये पुन्हा जिंकला. १९५४ च्या मे महिन्यात दिएन बिएन फू इथे फ्रेंच फौजेने शरणागती पत्करली, सगळा फ्रान्स सुन्न झाला, आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेताही बूतविलच. नंतर १९५५, १९५९ आणि १९६७. एकूण सहा वेळा.

आम्ही या माणसापाशी बराच वेळ थांबलो. आईचा देश आणि बापाचा देश एकमेकांशी लढत आहेत आणि हा गृहस्थ बापाच्या देशाचा झेंडा समोर ठेवून शांतपणे घोडा पुढे सरकवतो आहे. त्याला कोणी विचारले असेल का, तू नेमका कोणाचा? चेहरा तर आईकडचाही असणार. फाळणीनंतर ज्यांचे अर्धे नातलग कराचीला राहिले, अशी घरे आपल्यात आहेत. क्रिकेटचा सामना असला की त्या घरांतल्या मुलांना शाळेत, नाक्यावर काय ऐकावे लागते, हे वाचकांना सांगायला नको. बूतविलची खासगी गोष्ट आम्ही जाणत नाही म्हणून त्याच्या तोंडी काही घालत नाही. वर्षे मात्र बोलकी आहेत, १९४५ आणि १९५४.

१९४८ चा विजेता निकोलस रोसोलिमो. जन्म किएव्हचा, वडील ग्रीक वंशाचे, आई रशियन. १९२९ मध्ये आईबरोबर पॅरिसला आला. आजही जगभरचे खेळाडू त्याच्या नावाने ओळखली जाणारी सुरुवात खेळतात. एवढे असूनही फ्रान्समध्ये पोट भरेना म्हणून १९५२ मध्ये अमेरिकेला गेला. न्यू यॉर्कमध्ये टॅक्सी चालवली, नंतर एक छोटी जागा घेऊन लोकांना पैसे घेऊन बुद्धिबळ खेळू देई. १९५३ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळाला. १९७५ मध्ये जिन्यावरून पडून त्याचा अंत झाला. त्याच्या टॅक्सीत बसलेल्या कितीजणांना माहीत असेल की समोर फ्रान्सचा माजी राष्ट्रीय विजेता बसला आहे?

पुढची नावे भराभर येतात. १९७२ आणि १९८३ चा आल्दो हाइक, जन्म ट्यूनिसचा. १९७९ चा बशार कुवातली, जन्म दमास्कसचा. हाच कुवातली दहा वर्षांनी ग्रँडमास्टर झाला आणि २०१६ मध्ये फ्रेंच बुद्धिबळ महासंघाचा अध्यक्ष निवडून आला. दमास्कसमध्ये जन्मलेल्या माणसाने फ्रान्सच्या संपूर्ण महासंघाचा कारभार बघितला, ही गोष्ट आम्हाला त्याच्या विजेतेपदाहून मोठी वाटते. खेळ जिंकायला पटावरची अक्कल पुरते. निवडणूक जिंकायला लोकांनी आपला म्हणावे लागते. १९९७ चा विजेता अनातोली वाइसर अल्मा-अताचा, १९९८ चा योसिफ दोर्फमन सोव्हिएत संघातून आलेला. २००४ आणि २००५ चा जोएल लोतिए याची आई जपानी, जन्म कॅनडात. २००६ आणि २००९ चा व्लादिस्लाव तकाचिएव्ह कझाकस्तानहून आलेला.

यादीत सगळे बाहेरचेच आहेत असे कोणी समजू नये. सर्वांत जास्त, आठ वेळा विजेतेपद मिळवणारा एतिएन बाक्रो लिल शहरात जन्मलेला पक्का उत्तर फ्रान्सचा. १९९७ मध्ये तो चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला तेव्हा तेवढ्या लहान वयात जगात कोणीच झालेला नव्हता. पण त्याला घडवणारा गुरू कोण? तोच दोर्फमन. गुरू एक वर्ष विजेता झाला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, शिष्याने विजेतेपदाची मालिका सुरू केली, ती सलग पाच वर्षे. शिक्षक म्हणून आम्हाला ही जोडी फार आवडते. बाहेरून आलेल्या माणसाने आपली विद्या पेटीत घालून ठेवली नाही, त्या मातीतल्या पोराला दिली.

आता हिशाम हमदूशी. मोरोक्कोतल्या तांजियरचा, जन्म १९७२. मोरोक्कोचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने अनेकदा मिळवले, १९९३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. पुढे फ्रान्सकडून खेळू लागला आणि २०१३ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, नान्सी शहरात फ्रान्सचा विजेता झाला. तेव्हा बूतविल हयात होता, शहाण्णव वर्षांचा. तो २०१५ मध्ये वारला.

त्या मुलाचा प्रश्न 'आपल्यातलं नाव' असा होता. आम्हाला त्या शब्दाची दुसरी बाजू चांगली माहीत आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात नाव सांगितले की शेजारचे सद्गृहस्थ कौतुकाने म्हणतात, "अरे वा, तुमचं मराठी किती शुद्ध आहे!" मराठी हा आमचा धंदा आहे, तो शुद्ध असणारच. मग चहाच्या वेळी, "पण तुम्ही मूळचे कुठले?" मूळचे? गावाचे नाव सांगितले, तालुका सांगितला, तरी समोरचा थांबून राहतो, जणू खरे उत्तर अजून यायचे आहे. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव आहे. कब्रस्तानात त्यांच्याही आधीचे लोक आहेत. घरात आम्ही जी दख्खनी बोलतो तिच्यात निम्मे शब्द मराठी आहेत. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हेही खरे आहे. बहुतेक वेळा तो माणूस डब्यातली पोळीही पुढे करतो.

म्हणून फ्रान्सशी आमची तुलना लंगडी पडते, हे आधीच सांगून टाकतो. हमदूशी खरोखर दुसऱ्या देशातून आला. कुवातली आला, रोसोलिमो आला. त्यांना 'मूळचे कुठले' विचारले तर उत्तर आहे. आम्ही कुठून आलेलो नाही. तरीही ती यादी वाचताना बरे वाटले, ते का, याचा आम्ही विचार केला. तिथे नावापुढे काही खुलासा नाही. वर्ष, नाव, संपले. २०१३, हमदूशी. कंसात 'मूळचा मोरोक्कोचा' असे काही नाही.

पण एवढ्यावर थांबणे भाबडेपणाचे होईल, कारण महिलांची यादी आपल्याला थांबू देत नाही. फ्रान्समध्ये महिलांच्या बुद्धिबळालाही मोठी परंपरा आहे. शांताल शोदे द सिलां १९५० मध्ये पुरुषांच्या बरोबरीने ऑलिम्पियाडमध्ये खेळली, असे करणारी जगातली पहिली स्त्री. मारी सेबाग ही ग्रँडमास्टर झालेली पहिली फ्रेंच महिला. मोल्दोव्हात जन्मलेली आल्मिरा स्क्रिपचेंको कितीतरी वेळा विजेती. आणि २०२३ ची विजेती मित्रा हेजाझीपूर, जन्म इराणच्या मशहदचा.

मित्रा २०१५ मध्ये आशियाई विजेती होती. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोतल्या जागतिक जलद स्पर्धेत तिने डोक्यावरचा रुमाल काढला आणि इराणच्या संघातून तिला काढून टाकण्यात आले. ती फ्रान्सला गेली, २०२३ मध्ये तिथली नागरिक झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आल्प दुएझ इथे फ्रान्सची राष्ट्रीय विजेती. फ्रेंच वर्तमानपत्रांनी तिचे खूप कौतुक केले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केले की सरकारी शाळेत मुलींना अबाया घालून येता येणार नाही. डोक्यावरच्या रुमालाला तर शाळेत २००४ च्या कायद्याने बंदी आहेच.

आपल्या वाचकांत मित्राचे पटणारे थोडे असतील, न पटणारे पुष्कळ. आमचे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. एका देशाने मुलीला सांगितले, रुमाल काढलास तर खेळायचे नाही. दुसऱ्याने सांगितले, घातलास तर वर्गात बसायचे नाही. दोघांनी तिला विचारले नाही. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २०१८ मध्ये इराणच्या हमादान शहरातली आशियाई सांघिक स्पर्धा सोडली, कारण डोके झाकण्याची सक्ती तिला मान्य नव्हती. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी तिची बाजू घेतली, आम्हीही घेतली. मग आमच्याच वर्गातल्या दोन मुली स्कार्फ बांधून पट मांडतात, त्यांना कोणी बाहेरगावच्या स्पर्धेत "तो काढून बस" म्हटले तर त्याच खोलीने त्यांचीही बाजू घ्यावी, एवढे मागणे काही जास्त नाही. अजून तसे कोणी म्हटलेले नाही, अल्हम्दुलिल्लाह.

आणखी एक गोष्ट खटकते. हमदूशी, कुवातली, मित्रा यांना फ्रान्सने आपले म्हटले, पण ते जिंकले म्हणून यादीत आले. त्याच पॅरिसच्या कडेच्या वस्त्यांमधला हिशाम, जो जिंकत नाही, कोठारात माल उचलतो किंवा टॅक्सी चालवतो, त्याचे नाव कोण लिहिते? रोसोलिमोचे झाले ते विजेता असूनही झाले. आपल्याकडेही मुलांना सांगितले जाते, "इतरांपेक्षा दुप्पट अभ्यास कर, मग लोक तुला मानतील." सांगणाऱ्या अब्बा-अम्मींची तळमळ आम्ही समजू शकतो. त्यांनी खूप सोसलेले असते. पण बारा वर्षांच्या पोराने आधी काहीतरी जिंकून दाखवायचे आणि मग त्याला हे गाव त्याचे म्हणू द्यायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. सरासरी गुण मिळवणारा आणि पहिल्याच फेरीत हरणारा मुलगाही याच तालुक्याचा आहे. बाजूच्या बाकावरच्या सरासरी मुलाला कोणी हे सिद्ध करायला सांगत नाही.

पालक-सभेत एका वालिदांनी विचारले, "खेळून होणार काय? चॅम्पियन होणार असेल तर पाठवतो." आम्ही म्हणालो, बहुधा होणार नाही, तरी पाठवा. ते हसले आणि पाठवू लागले. त्यांचा मुलगा आतापर्यंत अकरा डाव हरला आहे, एक बरोबरीत सोडवला आहे. तो डाव कसा सुटला हे त्याने घरी इतक्या वेळा सांगितले म्हणे, की त्याच्या नानीलाही किल्लेकोट कळू लागला.

मंडळात सध्या एकोणीस मुले-मुली आहेत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पट मांडतो. मुलांनी आता उंटाला 'फू' म्हणायला सुरुवात केली आहे, "माझा फू मारला" असा आरडाओरडा चालतो. पट नऊ आहेत, त्यामुळे दर वेळी एकजण बसून राहतो. दोन प्यादी हरवली आहेत, त्यांच्या जागी खडूचे तुकडे चालतात. दहावा पट संस्थेकडे मागायचा की वर्गणी काढायची, हे ईदनंतरच्या बैठकीत ठरेल.